मधली भिंत

दोन चहाचे ओटे. दोन बेल. एकट्यापुरता झोपाळा. मधोमध आरपार भिंत.

आर्किटेक्ट निगुडकरबाईंनी स्क्रीनवरचा नव्या बंगल्याचा नकाशा नवरा-बायकोसमोर धरला. “कॉम्प्युटरने वर्षभर तुमचं वागणं टिपून हे घर काढलंय. अजूनही ऐकतोय तो.”

“बाई, ह्याला सांगा, मला भिंत नको,” चारुलता म्हणाली.

“हिच्यामुळेच आली ती, हेही सांगा हिला,” हेमंत म्हणाला.

“भिंतीत दार ठेवू या?” बाईंनी विचारलं.

“चालेल. कडी माझ्या बाजूला.”

चारुलता गर्रकन त्याच्याकडे वळली. “तुझ्या का? दार सताड उघडं टाकून घोरत पडतोस तू!”

“आणि तू आतून लावून बसतेस, त्याचं काय?”

स्क्रीनवरची भिंत आपोआप हातभर आखूड झाली.

मागच्या दिवाळीपासून ते दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.