पट्ट्याचा बिल्ला

टॉर्किलने बिल्ला एफीच्या टेबलावर ठेवला. "पिन तुटलीय. लावून दे," तो म्हणाला, आणि टोपी काढून स्टुलावर बसला.

एफीने आधी कथलाच्या मुशीत पाइनची काडी बुडवली. काडी तांबूस होऊन निघाली, म्हणजे ओतायला हरकत नव्हती. मग तिने बिल्ल्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. असला भडक माल या खोऱ्यात कुणी करत नसे. तो ॲलिसनचा होता, विमानतळावरच्या दुकानातून घेतलेला.

ॲलिसन म्हणजे कुळाची नवी प्रमुख. कॅनडात वाढलेली, अजून तिशीही न गाठलेली. म्हातारे प्रमुख वारले तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता टॉर्किलच. तो त्यांचा नातू. त्यांचं दुखलंखुपलं त्याने पाहिलं, त्यांच्यामागे कुळाचा मेळावाही त्यानेच भरवला. पण तो धाकट्या मुलाचा मुलगा आणि ॲलिसन थोरल्याची मुलगी. एडिंबराच्या कोर्टात निकाल तिच्या बाजूने लागला आणि खोऱ्यात दोन तट पडले. निकालानंतरही टॉर्किलच्या टोपीवर आजोबांनी दिलेला प्रमुखाचा बिल्ला, ते गोल कडं, तसंच होतं. ते उतरव म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यात पोरीने आल्या आल्या घोळ घातला. काल चर्चच्या दारात ती हा बिल्ला लावून सगळ्यांशी हात मिळवत उभी राहिली. कुळाचं चिन्ह असलेल्या पाणमांजराभोवती त्यावर बकलाचा पट्टा होता. पट्टा लावतात कुळातली साधी माणसं. त्याचा अर्थ, मी प्रमुखाचा माणूस. खुद्द प्रमुखाच्या पाणमांजराभोवती नुसतं कडं असतं. "ही बाई स्वतःचीच चाकर दिसते," असं कुणीतरी बोललं आणि चहाच्या टेबलापर्यंत हशा पिकला. ॲलिसनच्या कानावर ते गेलंच. आता ती बॅग भरतेय, अशी गावात कुजबुज होती.

उद्या मेळावा होता. एफी सकाळपासून तिच्यासाठी कड्याचा बिल्ला ओतत होती. साचा तिच्या वडिलांनी पाटीच्या दगडात कोरलेला, कित्येक वर्षांत न वापरलेला. तिने त्याला शंखजिऱ्याची पूड चोळली होती, चुलीशी धरून तो शेकला होता, तरी कथील शेपटीपर्यंत पोचेना.

"हे कुणासाठी?" टॉर्किलने विचारलं.

"तुझ्या चुलतबहिणीसाठी."

त्याने टेबलावरचं बिनशेपटीचं पाणमांजर उचलून पाहिलं. "मारामारी करून आलंय वाटतं."

एफी हसली नाही. तिने पळीभर कथील साच्यात ओतलं, थांबली, साचा उघडला. याही वेळी शेपटी नव्हती. तिने तो तुकडा परत मुशीत टाकला.

"राहू दे ते," टॉर्किल म्हणाला. "आधी माझी पिन लाव."

"म्हणजे उद्या तिने पुन्हा हाच लावायचा, आणि तुम्ही लोकांनी मागे उभं राहून दात काढायचे?" एफीने पळी खाली ठेवली. "तू हरलास तेव्हा मी रडले होते, टॉर्किल. अजूनही वाईट वाटतं. पण त्या पोरीचं हसं करायला माझे हात मिळणार नाहीत. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात शोभतो, हे तूच म्हणाला होतास ना पबमध्ये?"

"म्हणालो होतो."

"मग उचल हा, आणि नीघ."

टॉर्किल उठला नाही. तो गुडघ्यावर पालथी ठेवलेली टोपी कुरवाळत राहिला. तेव्हा कुठे एफीला जाणवलं की आज त्याचं टक्कल उघडं आहे. चर्च सोडलं तर हा माणूस कधी टोपी काढत नसे. झोपतोही तिच्यासकट, अशी गावात थट्टा होती.

त्याने टोपी वळवून टेबलावर ठेवली. उन्हापावसाने तिची निळाई विटली होती. फक्त एका बाजूला, नाण्याहून मोठा, एक गोल डाग अजून गडद निळा होता. आजोबांचं कडं तिथे नव्हतं.

"सकाळी तिला देऊन आलो," तो म्हणाला. "म्हातारा तिचाही आजोबाच होता. तिने आधी घेतलं नाही, मग रडली, मग घेतलं. बदल्यात हा मागून आणला."

एफीने विमानतळावरचा तो भडक बिल्ला हातात घेतला आणि मागची मोडकी पिन चाचपली.

टॉर्किलने त्या गडद गोलावर बोट टेकवलं.

"पक्की लाव, एफी. उद्या इथे लावायचाय."