साठ घमेली

"हात सोडू नका!" कुंदन भोंग्यातून ओरडला.

लोक हात सोडत होते. कुणाला नाक पुसायचं होतं, कुणाला फोन घ्यायचा होता. वडाळे तलावाभोवती मानवी साखळी धरायला पाचशे पनवेलकर जमले होते आणि साखळी इकडून जोडली की तिकडून सुटत होती. महिनाअखेरीला जगभरचे नेते हवामानाचं बघायला पॅरिसला बसणार होते. त्यांच्यावर पनवेलहून दबाव आणायचा होता. फोटोग्राफर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर सव्वानऊपासून ताटकळत होता, आणि अकराला त्याला कळंबोलीत एक साखरपुडा होता.

सव्वादहाला एक टेम्पो येऊन थांबला. पुढून गोदूबाई उतरली. गाडी चालवणारा कमळाकर, तिचा पुतण्या, उतरला नाही. त्याने इंजिनही बंद केलं नाही.

गोदूबाईचं गाव करंज्याच्या अलीकडे, खाडीकाठी. पंधरा दिवसांपूर्वी कुंदनने तिथल्या शाळेत प्रोजेक्टर लावून समुद्र कसा वाढतोय ते दाखवलं होतं. लोकांनी ते शांतपणे पाहिलं. त्यांच्यासाठी त्यात नवीन होता तो प्रोजेक्टर. शेवटी कुंदन भारावून म्हणाला होता, "तुम्ही एकटे नाही आहात. समुद्राशी लढायला पनवेलची पाचशे माणसं तुमच्याबरोबर उभी राहतील."

"मावशी, दोघंच?" कुंदन म्हणाला. "मी चाळीसजण सांगितले होते."

"चाळीस बांधाव हायेत," गोदूबाई म्हणाली. "राती खांड पडली."

म्हणजे रात्रीच्या भरतीला गावाचा बांध फुटला होता. दीडला पुन्हा भरती, तीही पुनवेच्या उधाणाची. चाळीस माणसांच्या हातून एकच गोष्ट होण्यासारखी होती. खांड तशीच सोडायची, मागे नवा बांध घालायचा आणि निम्मी शेतं वाचवायची. अजून साठ माणसं मिळाली, तर खांडच बुजवता येणार होती आणि सगळी शेतं वाचणार होती. खारं पाणी शिरलं की त्या शेतात तीन वर्षं भात होत नाही. गावाने मागच्या बांधाला सुरुवात केली होती आणि गोदूबाईच्या फोनकडे कान लावले होते.

कुंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, हे माईकवर सांगा. अगदी असंच."

गोदूबाईने माईक दोन्ही हातांनी धरला. "आमच्या बांधाला खांड पडलीय. दीडला भरती हाय. टेम्पोत साठ घमेली हायेत." आणि माईक परत दिला.

आणखी सांगण्यासारखं तिच्या मते काही नव्हतं. गावात खांडीची हाक दिली की कुणी 'येतो' म्हणत नाही. जो येणार असतो तो घमेलं उचलतो, आणि उचललेलं घमेलं खांड बुजेपर्यंत खाली ठेवत नाही.

टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या. गोदूबाई माणसांकडे बघत उभी राहिली. टाळ्यांचं काय करायचं ते तिला कळेना.

"सर, घमेली!" कुंदनची मदतनीस मोनाली जवळजवळ किंचाळली. "साखळीत मधेमधे डोक्यावर घमेली! फोटो बघा काय येतो ते!"

कुंदनने लगेच भोंगा घेतला. "मित्रांनो, टेम्पोजवळ या! प्रत्येकी एक घमेलं उचला!"

माणसं धावली. एका निवृत्त बँक मॅनेजरांनी डोक्यावर आधी रुमाल घातला, मग घमेलं. कॉलेजच्या मुलींनी दोन-दोन मागितली, त्यांना एकेकच मिळालं. गोदूबाई टेम्पोच्या मागच्या फाळक्याशी उभी राहून मोजत होती. अठ्ठावन्न. एकोणसाठ. टेम्पो रिकामा झाला. मग ती बाजूला गेली, पदराने तोंड पुसलं आणि फोन लावला.

"साठ उचलली रे! मागचा बांध सोडा. समदी खांडीव उतरा. आमी निगालोच."

साखळी अखेर जुळली. पूर्ण एक मिनिट टिकली. "झालं!" फोटोग्राफर गच्चीवरून ओरडला आणि साखरपुड्याला पळाला.

पनवेलकर शिस्तीचे. घमेली त्यांनी टेम्पोशेजारी परत आणून ठेवली, एकात एक घालून. एका बाईंनी तर आपलं पुसून ठेवलं. मग सगळे पोह्यांच्या रांगेत लागले. पोहे पानांच्या द्रोणात होते. प्लॅस्टिक कुठेही नव्हतं.

कमळाकरने टेम्पो वळवून घेतला आणि हॉर्न वाजवला. गोदूबाई मागे फाळका पाडून उभी होती, वर चढणाऱ्यांना हात द्यायला.

कुंदन घाईघाईने आला. "मावशी, तुमच्यामुळे आजचा कार्यक्रम कुठच्या कुठे गेला!"

"चढवा ना मंग मानसं. येल होतोय."

"कुठली माणसं?"

गोदूबाईने घमेल्यांच्या चळतीकडे बोट दाखवलं. "ही ज्यांनी उचलली ती."

"ती... ती फोटोसाठी होती, मावशी." कुंदन म्हणाला. "तुमची खांड आपण निवेदनात घालतोय ना. पहिल्याच पानावर. थेट दिल्लीला."

"काकी, बस लवकर!" कमळाकर पुढून ओरडला. "पावणेअकरा झालं!"

कुंदनने भोंगा तोंडाशी नेला. पोह्यांच्या रांगेकडे पाहिलं. बटण दाबलं नाही.

गोदूबाईने पुन्हा फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिने तोडला, परत लावला, कमळाकरच्या फोनवरून लावला.

कुणी घेतला नाही. गावात आता सगळ्यांचे हात चिखलात होते.