आंबीच्या गिरणीचं पत्र

"ऐका रे, ढोरांनो!" भिमाजी मास्तरांनी भिंतीवरचं गिरणीमालकाचं पत्र खिळ्यावरून उतरवलं आणि पुन्हा वाचायला घेतलं. "'आपला विद्यार्थी महिपती याच्यामुळे आमच्या आंबीच्या भातगिरणीचं इंजिन गेले दोन हंगाम एकदाही बंद पडलं नाही.' तारीख बघा. यंदाच्या दिवाळीची. आणि तुम्ही? सकाळपासून एक इंजिन सुरू करता येईना!"

लोणावळा स्टेशनामागच्या गुदामात डिझेल इंजिनाचा वर्ग भरायचा. सहा महिने शिकायचं, मग शिक्क्याचा कागद मिळायचा. वर्गातल्या आठही जणांना ते पत्र पाठ झालं होतं. खरं तर महिपती वर्गात अगदीच ढ होता. पण गिरणीवर गेला आणि सुधारला, असं मास्तर येईल त्याला सांगत. आंबीला ते स्वतः कधी गेले नव्हते. त्यांचं पत्रावर भागत होतं.

पत्र खिळ्याला लावून ते वळले, तर दारात एक बाई उभी. तिशीची असेल. कपाळ मोकळं, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला.

"वर्गात नाव घालायचं हाय," ती म्हणाली.

"कुणाचं? भावाचं?"

"माजं. रतनबाई."

पोरं फिसकन हसली. मास्तरही हसले.

"गिरणीवर असते मी," हसणं थांबायची वाट न बघता ती म्हणाली. "म्होरल्या हंगामात तपासणीचा सायेब येनार. कागद नसंल त्याला काढनार म्हनत्यात. दोन पोरी हायत पदरात."

"कोंडा भरायला कागद कशाला लागतो, बाई?"

"कोंड्याला न्हाई. इंजिनावर ऱ्हायला."

"लुगडं पट्ट्यात अडकलं म्हणजे?"

रतनबाईनं मास्तरांकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमचं धोतर अडकत न्हाई, तर माजा काष्टा कसा अडकंल?"

वर्गातल्या पाच धोतरांनी एकदम खाली पाहिलं. मास्तरांना हसू फुटत होतं, ते त्यांनी मिशीत दाबलं. पोरांसमोर हार मानली असती तर उद्यापासून त्यांना कुणी विचारलं नसतं.

"गाव कुठलं तुझं?"

"आंबी."

"अगं, मग आमच्या महिपतीलाच विचार ना! बाईच्या हाती देईल का तो इंजिन?"

ती भिंतीवरच्या पत्राकडं बघत राहिली. "ते न्हाई म्हनायचे न्हाईत," ती म्हणाली.

"बरं. सुरू कर हे इंजिन. झालं तर नाव घालतो. नाही झालं तर दुपारच्या गाडीनं परत."

पैलवान गेणूनं सकाळी त्याच इंजिनापाशी दोनदा दम टाकला होता. तरीही मास्तरांना धीर धरवेना. ती चिंधीनं हात पुसत होती तेवढ्यात त्यांनी टाकीखालची तेलाची चावी हळूच बंद केली. मास्तरकीला न शोभणारं काम, पण केलं खरं.

रतनबाईनं आधी मोठं चाक हातानं सावकाश फिरवलं. कान इंजिनाजवळ नेला. तेल आत जाताना नोझल बारीकसा कुरकुरतो. तो कुरकुरला नाही. ती टाकीमागं गेली, चावी उघडली आणि परत आली. कुणाकडं पाहिलं नाही. मास्तरांनी मात्र छताकडं पाहिलं.

मग आतला दाब सुटून चाक हलकं फिरावं म्हणून तिनं झडपेची खटकी उचलली आणि हँडल धरलं. मास्तरांची नजर तिच्या अंगठ्यावर गेली. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा आवळून धरलेला अंगठा मोडतो. म्हणून अंगठा बोटांच्याच रांगेत ठेवायचा, हे ते रोज ओरडून सांगत आणि गेणू रोज विसरे. या बाईचा अंगठा बोटांच्या रांगेत होता. हे हिला कुणी सांगितलं?

तिनं हँडल फिरवलं. जोर लावून नव्हे, जात्याच्या लयीत. चाकानं वेग धरला तशी खटकी सोडली. इंजिन एकदा ठसकलं, दोनदा ठसकलं आणि धडधडू लागलं. पत्र्याचं छप्पर थरथरलं. गेणू नकळत दोन पावलं मागं सरकला. मास्तरांचा राग कुठल्या कुठं गेला. इतकं सरळ चालणारं इंजिन त्यांनी वर्षभरात ऐकलं नव्हतं, आणि चावी बंद केल्याची लाजही वाटत होती.

"पुरे! बंद कर आता!" ते आवाजावर ओरडले. "घालतो नाव!"

"आदी नाव लिवा," तीही ओरडली. तिचा हात बंद करायच्या खटक्यावर होता, पण तो हलला नाही. "मंग बंद करते."

मास्तरांनी हजेरीची वही उघडली आणि पेन शाईत बुडवलं. रतनबाई, एवढं लिहून ते थांबले. रकान्यात पुरं नाव लागत होतं.

"तुमच्या नवऱ्याचं नाव काय, बाई?"

बाईमाणूस नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. रतनबाईनंही घेतलं नाही. तेलानं काळं झालेलं बोट तिनं भिंतीवरच्या पत्राकडं केलं. मास्तर पत्राजवळ गेले. तिचं बोट 'महिपती' या शब्दावर रोखलेलं होतं.

तिनं इंजिन बंद केलं. गुदामात एकदम शांत झालं.

"त्यांना जाऊन तिसरं वरीस लागलं, मास्तर," ती म्हणाली. "मालकाला कागदावरचं नाव लागतं, म्हनून त्यांचं लिवलंय. दोन्ही हंगाम इंजिनावर मीच व्हते. पत्र माजं हाय."