भिंतीला लावलेलं स्टूल

मूकपटांच्या काळात सिनेमे काढणाऱ्या तिच्या वडिलांवर विनोदी चित्रपट बनत होता. सेटवर त्यांची खोली हुबेहूब उभी होती. प्रखर दिव्यांपायी त्यांची दृष्टी गेली, तेव्हाचा प्रसंग. काळा चष्मा लावलेला नट ऐटीत आला आणि स्टुलाला अडखळून कोलमडला. सगळं युनिट पोट धरून हसलं. शूटिंग पाहायला बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या लेकीनं उठून स्टूल भिंतीला लावलं. दुसऱ्या टेकनंतरही तेच. तिसऱ्यांदा दिग्दर्शक वैतागला, “आजी, राहू द्या ना मध्ये! त्याशिवाय गंमत कशी येणार?” “घरातली वस्तू कुणी तसूभरही हलवत नसे. अप्पा मोजून पावलं टाकायचे.” “पण पडूनच वारले ना ते?” “एकदाच पडले. फळीवरची बाहुली काढायला मी स्टूल ओढलं होतं.” तिनं ते पुन्हा भिंतीशी सरकवलं. “केर काढताना आपल्याच हातून हललं, असं आई मरेपर्यंत म्हणायची. मी म्हणू दिलं.”