बाभळीजवळचा काटा

बुलढाण्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, काळजाचा स्नायू कमजोर झालाय. रोज चालायचं, पण धाप लागली की मुकाट्यानं खाली बसायचं. चालणं उकंडरावांनी लगेच कबूल केलं. बसणं मात्र त्यांच्या जिवावर आलं. सरकीचं पोतं एकट्यानं बैलबंडीत टाकणारा गडी सोनाळ्याच्या भर रस्त्यात बसला, तर पारावरची रिकामी मंडळी काय म्हणतील?

मग त्यांची बायको, रुखमाबाई, सोबत निघू लागली. वाटेतली बाभूळ येता येता नवऱ्याचं बोलणं तुटायला लागायचं. तसं ती मटकन खाली बसायची.

"आई वं! काटा रुतला!"

"तुले पाहून चालता येत नाई काय वं?" असं खेकसत उकंडराव शेजारी टेकायचे आणि तिचा तळपाय धरून काटा शोधत राहायचे. काटा काही सापडायचा नाही.

"ह्या नाई, त्या पायात असन," रुखमाबाई म्हणायची.

दुसरा पाय पाहून होईस्तोवर धाप बसलेली असायची. आपला नवरा इतका कसा भोळा, म्हणून घरी येईपर्यंत ती पदराआड हसायची.

दिवाळी सरली. एका सकाळी बाभूळ आली, तशी रुखमाबाई सवयीनं कळवळली आणि बसली. उकंडराव थांबलेच नाहीत.

"ऊठ वं," चार पावलं पुढं जाऊन ते म्हणाले. "आज दम हाये मले. काटा आता त्या चिंचेपाशी रुतू दे."