शीग पाडलेली वाटी

“कुणाचा इस्वास बसायचा नाही,” ताटावर बसता बसता कुशाबा म्हणाला, “पण आज पहाटं मुंग्यांनी माझं धोतर उचलून नेलं.”

लालबागच्या चाळीतल्या जाईबाईच्या खोलीत खानावळीची पंगत बसली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, गिरण्या बंद. एरवी पाळीपाळीनं जेवणारे गडी आज एकदमच आले होते आणि गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. जाईबाई भाताचा टोप कमरेशी धरून एका टोकाकडून वाढत येत होती.

“धोतर नेलं?” समोरून आनंदा म्हणाला. “आत तू होतास का रे?”

“हसा लेको. पार गॅलरीपर्यंत नेलं. मोर्चा निघावा तशा, चार-चारच्या रांगेत. घोषणा तेवढ्या नव्हत्या.”

पंगत खदखदून हसली. कुशाबा हसला नाही. त्याची तिरकी नजर डाव्या हाताला बसलेल्या चिंतामणीच्या ताटावर होती.

चिंतामणीला साखरेचा आजार होता. इस्पितळातल्या डॉक्टरनं बजावलं होतं, एका जेवणाला एक वाटी भात नि चतकोर भाकरी. गूळ, साखर, बटाटा बंद. मासळी, अंडं, पालेभाजी खा काय ती. सुरुवातीला गड्यांना वाटलं, यानं मुंबई मिळेस्तोवर भात सोडला. दोघा-तिघांनी पाठसुद्धा थोपटली. खरं कळलं ते जाईबाईच्या वाढण्यावरून. बाकीच्यांच्या ताटात ती डाव आपटायची आणि पुढं सरकायची. चिंतामणीपाशी मात्र खाली बसायची. पितळेची इवलीशी वाटी भरायची, वरची शीग बोटानं अलगद पाडायची आणि विचारायची, “पुरेल ना रे तुला?” वर भाताची भरपाई म्हणून तळलेला बांगडा. अख्खा. बाकी पंगतीला नुसतं सांबारं.

अकरा वर्षं कुशाबा या खोलीत जेवत होता. तुला पुरेल ना, असं अकरा वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं. कसं विचारणार? तो मागेल तेवढं मिळत होतं.

“धोतराला मुंग्या लागतात,” तो आता जरा मोठ्यानं, टोपाच्या दिशेनं बोलला, “म्हणजे काय होतं माणसाला, ते मी सांगायला नको. मोरीत लघवीला जावं तर मुंग्यांनी पाय ठेवायला जागा नाही. आणि हे बघा, अजून पाठ सोडत नाहीत.”

त्यानं बंडी पुढं ओढली. खालच्या खिशापाशी खरंच आठ-दहा लाल मुंग्या फिरत होत्या.

जाईबाईचा भरलेला डाव कुशाबाच्या ताटावर आला होता, तो तिथंच थांबला.

“कधीपासून रे?”

“झाले की दोन महिने.”

“आणि मेल्या, आता सांगतोस? तहान लागते?”

“कळशी पुरत नाही.”

“रात्री उठावं लागतं?”

“झोपतो कोण?”

डाव तसाच टोपात परत गेला. वाफाळता, शिगोशीग डाव. कुशाबानं तो पार टोपात जाईपर्यंत पाहिला. पण तेवढ्यात जाईबाई त्याच्यापुढं खाली बसली, आणि तो भात विसरला. तिच्या कपाळावरचा घाम, पदराला आलेला कोकमाचा वास, सगळं इतक्या जवळून तो पहिल्यांदाच बघत होता. तिनं चिंतामणीच्या ताटातला बांगडा उचलला, मधोमध मोडला, शेपटीकडचा तुकडा चिंतामणीला ठेवला आणि डोक्याकडचा कुशाबाच्या ताटात घातला.

“आता एकात दोघं भागवा, बाबांनो. मला तरी कुठून परवडणार?”

चिंतामणीला बांगडा गेल्याचं दुःख झालेलं दिसलं नाही. तो टोपात परत गेलेल्या डावाकडं बघत होता, लांब जाणाऱ्या माणसाकडं बघावं तसा.

जाईबाईनं वाटी भरली. बोट फिरवलं. शीग टोपात पडली. कुशाबानं डोळे किलकिले करून तिच्या तोंडाकडं पाहिलं. आता ती विचारणार होती.

“चिंतामणी,” ती म्हणाली, “तूच बघ बाबा ह्याला. तुला त्यातलं कळतं. उद्या जोडीनं जा इस्पितळात.”

चिंतामणी कलला. त्यानं आधी मुंग्या बघितल्या. मग जीभ बघेल, डोळ्याची पापणी ओढेल म्हणून कुशाबा तोंड वासून बसला. पण चिंतामणी आणखी खाली वाकला, पार बंडीच्या खिशापर्यंत, आणि त्याच्या नाकपुड्या हलल्या.

“खोटं बोलतोय,” तो म्हणाला. “ह्याच्या खिशात गूळ आहे. कोल्हापुरी. पिवळा. यंदाचाच आहे.”

आनंदा फस्सकन हसला, पण त्याच्या मागं कुणी हसलं नाही. जाईबाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. ती कुशाबाकडं बघतच नव्हती. ती चिंतामणीकडं बघत होती. चिंतामणीनं डोळे मिटले होते, आणि सांगून झालं तरी तो त्या खिशावरून नाक उचलत नव्हता.