कोणाही एकाला

वकीलबाईंनी बाबांचं मृत्युपत्र वाचून दाखवलं: घर हयात मुलांपैकी कोणाही एकाला मिळावं, आणि तो एक कोण, हे फक्त आईनंच ठरवावं. थोरल्यानं धाकटीकडे पाहिलं. आई पेन हातात धरून बसली ती बसलीच. चहावर साय धरली, तरी तिच्या तोंडून नाव काही निघेना.

धाकटीला राहवेना. तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, किती जीव टांगणीला लावशील आमचा? घे ना कुणाचंही नाव. दुसरा रागावणार नाही, तुझी शपथ."

आईनं तिचं मनगट गच्च धरलं, अगदी कळ येईपर्यंत.


"बोट उलटली तेव्हा तुम्ही तिघं होतात आणि मला हात दोनच. मधलाही रागावला नव्हता गं. नुसता बघत राहिला."